परदेशी विद्यापीठातली मुलाखत आणि पगाराचा गृहपाठ : बडोद्याहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर ते मार्च हा माझ्या फोनचा सुगीचा काळ. बडोद्यात शिकलेली, आता इथंच शिकवणारी किंवा बाहेर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) करणारी मुलं-मुली रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर विचारतात, "सर, परवा इंटरव्ह्यू आहे, पगाराचं काय बोलू?" परवा मुलाखत आणि आज पगाराची आठवण! शोधनिबंध तोंडपाठ, स्लाइड चारदा तपासलेल्या, आणि ज्या नोकरीसाठी चाललोय तिचा पगार किती याचा अंदाजही नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत चहाबरोबर मी हीच उत्तरं इतक्यांदा दिली आहेत की शेवटी लिहूनच काढली. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही. तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ऑफर आली की पगार कळणारच आहे. मग आधीपासून शोधाशोध कशाला?

कारण ऑफर आल्यावर विचार करायला तुम्हाला वाटतो तेवढा वेळ मिळत नाही. ब्रिटनमध्ये सकाळी मुलाखत आणि संध्याकाळी फोन, हा सर्रास प्रकार आहे. फोनवरचा माणूस पद देऊ करतो आणि त्याच दमात विचारतो, "पगाराच्या कुठल्या पायरीवर यायची अपेक्षा आहे?" त्या वेळी तुम्ही फतेहगंजच्या चौकात स्कूटर बाजूला घेऊन उभे असता. पाठीमागून रिक्षा हॉर्न मारत असते. तिथं सुचेल तो आकडा पुढची कित्येक वर्षं तुमच्या पगाराचा पाया होतो.

दुसरं कारण आपल्या घरांतलं आहे. बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये, असं ऐकत आपण वाढलो. त्यामुळे पगाराबद्दल माहिती काढणंसुद्धा आपल्याला चोरून डबा उघडल्यासारखं वाटतं. पण ज्या देशांत तुम्ही अर्ज करताय, तिथल्या बऱ्याच ठिकाणी प्राध्यापकाचा पगार नावानिशी सरकारी यादीत असतो. आधी बघून गेलात, तर मुलाखतीत विचारायची वेळच येत नाही.

2. "प्रोफेसरचा पगार" शोधला तर वाट्टेल ते आकडे येतात. नेमकं काय शोधायचं?

आधी पद ओळखा. आपल्याकडे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसर लेव्हल 10 वर, म्हणजे 57,700 मूळ पगारावर लागतो. असोसिएट 13ए वर 1,31,400 पासून, प्रोफेसर 14 वर 1,44,200 पासून. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. चौकट एकच, त्यामुळे "प्रोफेसरला किती?" या प्रश्नाला आपल्याकडे सरळ उत्तर आहे.

बाहेर तसं नाही. अमेरिकेत नव्यानं लागणारा माणूस असिस्टंट प्रोफेसर असतो. तेच काम करणारा ब्रिटनमध्ये लेक्चरर म्हणवतो, आणि "प्रोफेसर" ही पदवी तिथं अगदी वरच्यांनाच मिळते. ऑस्ट्रेलियात ए ते ई अशा पाच पातळ्या आहेत. लेक्चरर म्हणजे बी, प्रोफेसर म्हणजे ई. जर्मनीत डब्ल्यू 1, डब्ल्यू 2, डब्ल्यू 3. तेव्हा "यूके प्रोफेसर सॅलरी" शोधून आलेला आकडा बघून हुरळलात, तर तो तुमच्या भावी विभागप्रमुखाचा पगार असण्याची शक्यता जास्त.

आणखी एक सापळा म्हणजे ॲडजंक्ट. अमेरिकेत हे दर अभ्यासक्रमामागे ठरावीक रक्कम घेणारे तासिका तत्त्वावरचे लोक. बऱ्याच वेबसाइट त्यांचे आकडे आणि कायम मार्गावरच्यांचे (टेन्युअर-ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणाऱ्या नोकरीतल्यांचे) आकडे एकत्र करून सरासरी काढतात. ती सरासरी कुणाच्याच कामाची नाही.

3. अमेरिकेतल्या विद्यापीठाचा पगार कुठे बघायचा?

विद्यापीठ सरकारी की खाजगी, यावर सगळं अवलंबून आहे. राज्य सरकारी विद्यापीठांचे कर्मचारी सरकारी नोकर धरले जातात, आणि बहुतेक राज्यांत त्यांचे पगार सार्वजनिक नोंदींत येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ दरवर्षी नावानिशी यादी काढतं. टेक्सासमध्ये टेक्सास ट्रिब्यून या वृत्तसंस्थेनं सरकारी पगारांचा शोधसाठाच बनवला आहे. ज्या विभागात मुलाखत आहे त्या विभागाचं पान उघडा, गेल्या चार-पाच वर्षांत लागलेल्या असिस्टंट प्रोफेसरांची नावं लिहा आणि एकेक यादीत शोधा. तासाभराचं काम आहे.

फक्त दोन गोष्टींत फसू नका. यादीत बहुधा वर्षभरात हातात पडलेली एकूण रक्कम असते, ठरलेला मूळ पगार नसतो. ऑगस्टमध्ये लागलेल्या माणसाचं पहिल्या वर्षी निम्म्यापेक्षा कमी दिसेल, उन्हाळ्यात प्रकल्पातून पगार घेणाऱ्याचं फुगलेलं दिसेल (तो हिशेब प्र. 4 मध्ये). म्हणून प्रत्येक नावापुढे लागोपाठ तीन वर्षांचे आकडे मांडा. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची पायऱ्यांची अधिकृत पगारश्रेणी जाहीर असली, तरी "ऑफ-स्केल" म्हणून वर जास्तीची रक्कम देण्याची तिथं सर्रास पद्धत आहे. जाहिरातीतली श्रेणी वाचून मन खट्टू करू नका.

खाजगी विद्यापीठांचं दार एवढं उघडं नसतं. पण खिडक्या आहेत. अमेरिकन प्राध्यापक संघटना, म्हणजे एएयूपी, दरवर्षी संस्थावार आणि पदवार सरासरी पगार छापते. खाजगी संस्थाही तिला आकडे देतात. दुसरी खिडकी आपल्यासारख्यांसाठीच बनल्यासारखी आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर परदेशी माणूस घ्यायचा, तर मालकाला श्रम खात्याकडे अर्ज करून देऊ केलेला पगार लिहून द्यावा लागतो, आणि श्रम खातं ती सगळी माहिती खुली करतं. विद्यापीठाचं नाव, पद, शहर, पगार, सगळं त्यात असतं. खाजगी विद्यापीठानं गेल्या वर्षी तुमच्यासारख्याच परदेशी असिस्टंट प्रोफेसरला काय देऊ केलं, हे तिथं दिसतं. मला हा साठा कळला तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही, हे सौ. अजून सांगते.

4. "नाइन मंथ सॅलरी" म्हणजे तीन महिने पगारच नाही?

बहुतेक अमेरिकन विद्यापीठांत प्राध्यापकाचा करार शैक्षणिक वर्षापुरता, नऊ महिन्यांचा असतो. समजा 90,000 डॉलर ठरले. म्हणजे महिन्याला 10,000. पुष्कळ ठिकाणी हेच पैसे बारा भागांत घ्यायची सोय असते. मग महिन्याला 7,500 दिसतात आणि उन्हाळ्यातही खात्यात पैसे येतात. रक्कम तीच, तुकडे वेगळे.

उन्हाळ्याचे महिने तुमचे स्वतःचे. तेव्हा संशोधन प्रकल्पातून त्याच मासिक दरानं पगार घेता येतो. वरच्या उदाहरणात दोन महिने घेतले तर 20,000 डॉलर आणखी. पण प्रकल्प मिळवायचा तुम्ही. एनएसएफसारखी संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था तिच्या सगळ्या प्रकल्पांतून मिळून साधारणपणे वर्षाला दोन महिन्यांपेक्षा जास्त पगार देत नाही. म्हणून वाटाघाटीत "पहिली एक-दोन वर्षं उन्हाळ्याचा पगार विद्यापीठ देईल का?" हे विचारायचं असतं, आणि बऱ्याच विज्ञान शाखांत ते मिळतं.

वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र बारा महिन्यांचा करार नेहमीचा. तिथला 1,20,000 आणि दुसरीकडचा नऊ महिन्यांचा 90,000 हे महिन्याच्या हिशेबानं सारखेच आहेत, हे वहीत मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

शिवाय ऑगस्टमध्ये रुजू झालात तरी पहिला पगार कधी कधी थेट सप्टेंबरअखेर येतो. घराची अनामत, गाद्या, कुकर, मुलाचे बूट असं सगळं त्याआधी घ्यायचं असतं. तेवढे डॉलर गाठीला ठेवूनच विमानात बसा.

5. माझा विषय संस्कृत, मैत्रिणीचा कॉम्प्युटर सायन्स. एकाच विद्यापीठात, एकाच पदावर पगार वेगळा?

हो, आणि फरक थोडाथोडका नसतो. आपल्याकडे लेव्हल 10 म्हणजे 10, मग तुम्ही पाणिनी शिकवा नाहीतर प्रोग्रॅमिंग. अमेरिकेत विद्यापीठाबाहेर त्या विषयाच्या माणसाला काय मिळतं, त्याच्याशी स्पर्धा असते. म्हणून वाणिज्य-व्यवस्थापन, कायदा, संगणक वरती आणि मानव्यविद्या खालती. एएयूपीची सरासरी सगळे विषय एकत्र करून काढलेली असल्यानं ती दोघींनाही चुकीचं चित्र देते. विषयवार आकड्यांसाठी ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीचं पगार सर्वेक्षण बघा, संगणकासाठी टॉल्बी सर्वेक्षण. आणि प्र. 3 मधली नावानिशी पद्धत सगळ्यांत भरवशाची, कारण ती त्याच विभागाची असते.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जर्मनीत खालच्या पदांवर विषयानं एवढा फरक पडत नाही.

6. ब्रिटनमध्ये जाहिरातीतच पगार लिहिलेला असतो. मग शोधायचं काय उरलं?

पट्टा लिहिलेला असतो. तुम्ही त्यात कुठे बसणार ते नसतं. तिथं एक राष्ट्रीय पगारशिडी आहे. प्रत्येक विद्यापीठ तिच्या पायऱ्यांवर आपापल्या श्रेणी बसवतं. बहुधा दरवर्षी एक पायरी आपोआप वर. त्यामुळे सुरुवातीला दोन पायऱ्या वर लागलात, तर श्रेणीच्या टोकाला पोहोचेपर्यंत दरवर्षी तेवढा फायदा. मुळात काही न बोलणाऱ्याला अगदी खालची पायरी मिळते, हा अनुभव इतक्या जणांनी सांगितला आहे की मी तो नियमच धरतो. पोस्टडॉकची वर्षं, शिकवण्याचा अनुभव, आणलेला निधी यांच्या जोरावर "मला अमुक पायरी द्या" असं म्हणता येतं. त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर पगारश्रेणीचा तक्ता असतो. तो उघडून पायरीचा क्रमांकच सांगा. लंडनमध्ये वर लंडन भत्ता मिळतो, पण तिथल्या घरभाड्यापुढे तो चिमूटभर मीठ.

प्रोफेसर पदाचा पगार या शिडीच्या वर असतो आणि तो ज्याचा त्यानं ठरवून घ्यायचा.

पेन्शनचीही चौकशी करा. जुन्या विद्यापीठांत यूएसएस ही योजना आहे. जानेवारी 2024 पासून तुमच्या पगारातून 6.1 टक्के जातात आणि विद्यापीठ 14.5 टक्के घालतं. 1992 नंतर विद्यापीठ झालेल्या संस्थांत शिक्षकांची वेगळी योजना असते. व्हिसाचा खर्च प्र. 12 मध्ये.

7. कॅनडाचं कसं? तिथं तर सगळे म्हणतात यादीच आहे.

ओंटारिओत आहे. 1996 च्या कायद्यानं सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत वर्षाला 1,00,000 डॉलर किंवा जास्त घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि रक्कम दरवर्षी मार्चअखेर जाहीर होते. लोक तिला सनशाइन लिस्ट म्हणतात. एक लाखाची रेघ तेव्हापासून हललेली नाही, त्यामुळे आता बरेच प्राध्यापक तिच्यात सापडतात. यादीत नाव नाही म्हणजे पगार लाखाच्या आत, किंवा माणूस वर्षाच्या मध्यात लागला, किंवा बिनपगारी रजेवर होता. डीन-विभागप्रमुखांच्या रकमेत प्रशासकीय भत्ता मिसळलेला असतो.

यादीपेक्षा महत्त्वाचा म्हणजे सामूहिक करार. कॅनडातल्या बहुतेक विद्यापीठांत प्राध्यापकांची संघटना असते, तिचा विद्यापीठाशी झालेला करार नेटवर असतो, आणि त्यात प्रत्येक पदाचा किमान पगार, वार्षिक वाढ, शिकवण्याचा भार, सगळं कलमवार लिहिलेलं असतं.

हे मी इतकं ठासून सांगतो कारण मला ते माहीत नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी ओंटारिओतल्या एका विद्यापीठात मुलाखतीला गेलो होतो. जेवणाआधी कॉरिडॉरमध्ये चालता चालता डीननं सहज विचारलं, पगाराची काय अपेक्षा? मी बडोद्यातला माझा पगार मनातल्या मनात चौपट केला, लाज वाटून थोडा कमी केला, आणि आकडा सांगितला. गृहस्थ थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "एवढ्या कमीत आम्हाला करारानं माणूस ठेवताच येत नाही." त्यांनी ते दयेनं म्हटलं होतं, ते जास्त लागलं. नोकरी मिळाली नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते असं होतं, की या माणसानं आमचं काहीच वाचलेलं नाही.

8. ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी?

ऑस्ट्रेलिया सोपं. प्रत्येक विद्यापीठाचा करार आणि ए ते ई पातळ्यांचे तक्ते खुले असतात. एवढंच बघा, की जाहिरातीतली रक्कम मूळ पगाराची आहे की सुपरॲन्युएशन धरून. बहुतेक विद्यापीठं कायम नोकरांच्या निवृत्तीखात्यात 17 टक्के घालतात, कायद्याच्या 12 टक्क्यांपेक्षा बरेच जास्त. ते "पॅकेज"मध्ये मिसळून सांगितलं की आकडा भरघोस वाटतो आणि हातात मात्र येत नाही.

जर्मनी वरून सोपं, आतून अवघड. डब्ल्यू श्रेणीचे तक्ते प्रत्येक राज्य जाहीर करतं आणि राज्याराज्यांत फरक असतो. 2012 च्या फेब्रुवारीत तिथल्या घटनात्मक न्यायालयानं हेसन राज्यातल्या डब्ल्यू 2 चा मूळ पगार घटनेला धरून नाही इतका कमी असल्याचा निकाल दिला. त्यानंतर ठिकठिकाणी तक्ते बदलले. त्यामुळे जुनी पानं वाचून हिशेब करू नका. तक्त्यावर मिळणारा जादा भत्ता वाटाघाटीत ठरतो, पण मुलाखतीत नाही. आधी विद्यापीठाकडून रीतसर "रूफ", म्हणजे बोलावणं यावं लागतं. मुलाखतीच्या दिवशी पैशाचा विषय काढणं तिथं अस्थानी. प्राध्यापक सरकारी अधिकारी, म्हणजे बेआम्टर, म्हणून नेमला गेला तर पेन्शन-बेकारी विम्याची कपात नसते; तोच एकूण पगार कराराच्या नोकरीपेक्षा हातात जास्त येतो.

9. दुबई, दोहा, रियाध, सिंगापूर यांच्या याद्या सापडत नाहीत.

नाहीतच. तिथं विचारूनच कळतं, आणि विचारायचं ते एकूण रकमेबद्दल नाही, तिच्या तुकड्यांबद्दल. आखातात पगारावर आयकर नसतो. घर किंवा घरभत्ता, वर्षाचं विमानभाडं, मुलांच्या शाळेची फी हे वेगळं ठरतं. दोन मुलं शाळेत जाणारी असतील तर फीचं कलम पगाराइतकंच वजनदार.

अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी श्रम कायद्यानं मूळ पगारावर मोजतात: पहिली पाच वर्षं दरवर्षाला 21 दिवसांचा, पुढे 30 दिवसांचा पगार. म्हणून एकूण तेच ठेवून मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे असा करार आला, तर तुमचं नुकसान आहे. सिंगापुरात परदेशी माणसाला सीपीएफ, म्हणजे तिथली सक्तीची भविष्यनिधी योजना, लागू नाही: कपात नाही, तशी मालकाची भरही नाही.

10. ग्लासडोअर या पगार सांगणाऱ्या वेबसाइटवरचे आकडे चालतील का?

पहिल्या अंदाजापुरते. लोकांनी स्वतः भरलेले, कधी तीन-चारच, पद आणि विषय यांची सरमिसळ. मुलाखतीत तो आधार म्हणून सांगू नका.

11. डॉलर गुणिले रुपये करून घरच्यांना सांगितलं तर सगळे खूश. हा हिशेब बरोबर आहे का?

घरच्यांना खूश करायला बरोबर आहे. ठरवायला नाही. बँकेच्या दरानं गुणलं की पगार रुपयांत येतो, पण खर्च डॉलरमध्येच राहतो. जागतिक बँक क्रयशक्तीच्या हिशेबानं एका डॉलरला वीसेक रुपयेच धरते, आणि तो हिशेब वास्तवाच्या जास्त जवळ जातो.

मला त्याहून साधी पद्धत आवडते. त्या गावातलं दोन खोल्यांचं भाडं (विद्यापीठाच्या राहण्याच्या सोयीच्या पानावर अंदाज मिळतो), कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा तुमच्याकडून कापला जाणारा हप्ता (मनुष्यबळ विभागाच्या पानावर तक्ता असतो), आणि लहान मूल असेल तर पाळणाघराची महिन्याची फी. हे तीन आकडे महिन्याच्या हातातल्या पगारातून वजा करा. उरेल तो तुमचा पगार. एका विद्यार्थिनीनं माझ्यासमोर हे वहीत मांडलं: एका बाजूला मोठ्या शहरातलं नामांकित विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला मक्याच्या शेतांमधलं गाव, जिथं पगार सातेक हजारांनी कमी. भाडं आणि पाळणाघर वजा केल्यावर तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "सर, हे उलटंच झालं."

12. हातात नेमके किती पडतात? आणि तो दोन वर्षं कर माफ असतो म्हणतात ते खरं का?

अमेरिकेत केंद्राचा कर, राज्याचा कर आणि सामाजिक सुरक्षेची 7.65 टक्के कपात. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात चांगलाच आहे. भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे तिथलं पेन्शन मिळवायला साधारण दहा वर्षांची नोकरी भरावी लागते.

करमाफीचं अर्धं खरं आहे. दोन देशांच्या करसंधीत अध्यापक-संशोधकांसाठी कलम 22 आहे: दोन वर्षांपर्यंतच्या मुक्कामासाठी शिकवायला गेलात, तर त्या पगारावर अमेरिकेत कर नाही. पण मुक्काम दोन वर्षांपुढे गेला, तर सवलत पहिल्या दिवसापासून उडते. पाहुणे प्राध्यापक म्हणून वर्षभर चाललेल्यांना ती मोलाची आहे. कायम मार्गावरच्या नोकरीसाठी तिच्यावर हिशेब बांधू नका. मागचा कर भरायची पाळी येते.

ब्रिटनला जाताना उलटा झटका बसतो: पैसे आधी भरायचे. आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, मुलाला 776, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम. नवरा-बायको आणि एक मूल, तीन वर्षं, म्हणजे 8,538 पौंड, तेही पहिला पगार हातात यायच्या आधी. काही विद्यापीठं हे परत देतात, काही बिनव्याजी उसने देतात. हे आधी शोधा; न सापडल्यास ऑफर आल्यावर पहिला प्रश्न हाच.

13. व्हिसासाठी किमान पगार लागतो म्हणे. त्याचा मला फायदा होतो का?

थोडा होतो. अमेरिकेत एच-वन-बीवर त्या भागातल्या प्रचलित दरापेक्षा कमी पगार देता येत नाही. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण रेघ जुलै 2025 पासून 41,700 पौंड आहे, त्यात काही सवलतीचे प्रकार आहेत. सप्टेंबर 2025 च्या अध्यक्षीय आदेशानं अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नव्या एच-वन-बी अर्जावर 1,00,000 डॉलरची रक्कम लावली. भारतातून थेट जाणाऱ्यांनी "कुठल्या व्हिसावर नेणार?" हे ऑफरच्या वेळी स्पष्ट विचारावं.

14. मुलाखतीत सध्याचा पगार विचारला तर?

कॅलिफोर्नियात 2018 पासून आणि न्यूयॉर्क राज्यात 2020 पासून मालकाला उमेदवाराचा आधीचा पगार विचारायलाच कायद्यानं बंदी आहे. इतरत्र विचारला तर खोटं बोलू नका, पण रुपयांतला आकडाही पुढे करू नका; त्याचं डॉलरमध्ये भाषांतर झालं की तुमची किंमतही तेवढीच होते. "आमच्याकडे सरकारी वेतनश्रेणी आहे, तिची तुलना होणार नाही, तुमच्या विभागात या पदाला अमुक ते अमुक दिसतं, त्याला धरून बोलू," असं म्हणा. आणि हे म्हणता यावं म्हणून आधीचे सगळे प्रश्न.

स्वतःहून विषय मात्र काढू नका. अमेरिकेत दोन दिवसांच्या भेटीत बहुधा डीनच काढतात.

15. यादीत पंधरा वर्षं झालेल्या प्रोफेसरचा पगार नव्या माणसाएवढाच दिसतो. चूक असेल ना?

चूक नाही. नव्यांना बाजारभावानं घ्यावं लागतं, जुन्यांची वाढ वर्षाला दोन-तीन टक्क्यांनी सरकते. काही वर्षांत दोघं एका रेषेत येतात. म्हणून ज्येष्ठांचा पगार बघून तुमचा अंदाज बांधू नका. अलीकडे लागलेलेच बघा. त्यातून एक कळतं, की या ठिकाणी पहिल्या दिवशी जे मागाल तेच मिळालं. पुढे फार वाढत नाही.

16. पगार ठरलेलाच असेल तर मागण्यासारखं दुसरं काय असतं?

पुष्कळ. प्रयोगशाळेच्या उभारणीचा निधी, पहिल्या वर्षी एक अभ्यासक्रम कमी, सामान हलवायचा खर्च, संशोधन विद्यार्थ्याचा एक-दोन वर्षांचा पगार, जोडीदाराच्या नोकरीसाठी मदत. रसायनशास्त्राच्या माणसानं पगारात दोन हजार वाढवून घेण्यापेक्षा उपकरणाच्या ओळीत भर घालून घ्यावी, हे माझं मत. साहित्यवाल्यांनी शिकवण्याचे तास. आणि ठरेल ते ईमेलवर लिहून घ्या. बोलणारा डीन वर्षभरानं बदलतो.

17. मी इथं कायम नोकरीत आहे. लिएन (मूळ पदावरचा हक्क राखून दुसरीकडे जाणं), बॉण्ड यांचा पगाराच्या हिशेबाशी काय संबंध?

अभ्यासरजेवर पीएचडी केली असेल आणि ठरावीक वर्षं सेवा करायचा बॉण्ड लिहून दिला असेल, तर मुदतीआधी सोडताना भरावी लागणारी रक्कम नव्या पगारातून वजा करा. लिएन किती वर्षं मिळतो, त्या काळातली पेन्शन-वर्गणी कोण भरतं, हे आपल्या विद्यापीठाच्या नियमांत बघा. एनओसीला महिने लागू शकतात, ते रुजू होण्याच्या तारखेत धरा.

बडोद्याला बॉण्ड नवे नाहीत. 1913 साली सयाजीरावांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याच्या लेखी करारावर. करार पाळायला ते 1917 साली परत आले, आणि या शहरानं त्यांना राहायला साधी जागा दिली नाही. हे प्रत्येक बडोदेकराला माहीत असायला हवं, म्हणून विषय निघाला की मी सांगतो.

18. काका, माझा आतेभाऊ तिथंच प्रोफेसर आहे. त्याला सरळ पगार विचारू का?

त्याचा विचारू नका. सरकारी विद्यापीठात असेल तर तो तुम्हाला घरबसल्या सापडेल, आणि दिवाळीला आत्यासमोर बोलून दाखवू नका. त्याला असं विचारा: "यंदा तुमच्या विभागात नवीन माणसाला साधारण किती देतील, आणि तुला पहिल्या वेळी काय मागायचं राहून गेलं?" दुसऱ्या प्रश्नाला लोक तासभर बोलतात.